बाटलीतला तारामासा

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या कपाटात एका बाटलीत तारामासा आहे. फॉर्मॅलिनमध्ये राहून त्याचा रंग जुन्या खादीसारखा झाला आहे, आणि एका भुजेचे टोक कोणत्या तरी जुन्या तुकडीच्या हातून मोडले आहे. बी.एस्सी.चा प्रत्येक विद्यार्थी ‘स्पॉटिंग’च्या दिवशी त्याच्याकडे अर्धा मिनिट पाहतो, ‘संघ : कंटकचर्मी’ असे लिहितो आणि पुढच्या बाटलीकडे सरकतो. तारामासा शिकविण्याची ही रीत आपल्या भागातील विद्यार्थ्यांना फार महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण असे. गांडूळ आपल्या परसात आहे. जळू, खेकडा, गोगलगाय, शिंपला हे वेदगंगेच्या काठी मिळतात. डबक्यातील पाणवनस्पती चिकाटीने पाहिल्या तर हायड्रासुद्धा सापडतो. परंतु वेदगंगा, दूधगंगा, मार्कंडेय, घटप्रभा या साऱ्या नद्यांचे तळ चाळून काढले तरी कंटकचर्मी संघाचा एकही प्राणी हाती लागणार नाही. आपल्याच काय, जगातील कोणत्याही गोड्या पाण्यात तो नाही. त्याच्या शरीरातील द्रव जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतकाच खारट असतो, आणि बाहेरचे पाणी गोडे झाले तर तो खारटपणा टिकवून धरणारा मूत्रपिंडासारखा अवयव त्याला नाही. म्हणजे या प्राण्याची भेट घ्यायची तर आपणच घाट उतरला पाहिजे.

मराठीत आपण त्याला तारामासा म्हणतो, आणि या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र त्याला ‘नक्षत्र मीनु’ म्हणतात. तो मासा मुळीच नव्हे. निदान या एका चुकीबाबत तरी आपल्या सीमाभागात दोन्ही भाषांचे पूर्ण एकमत आहे!

मी निपाणीचा. तंबाखूच्या वखारींच्या वासात वाढलो आणि अठराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. गेल्या डिसेंबरात एका नातलगाकडे वेंगुर्ल्यास गेलो असता सकाळी रापण ओढताना पाहिली. मासळी वेचून झाल्यावर वाळूत जो कचरा उरला त्यात पाच भुजांचा, वाळूच्याच रंगाचा एक तारामासा पडलेला होता. मी तो उचलून पाण्याच्या खळग्यात उलटा ठेवला. क्षणभर काहीच घडले नाही. मग भुजांच्या खालच्या खाचांतून शेकडो लहान पाय बाहेर आले, चाचपडू लागले. भुजा वळल्या, आणि स्वारी पालथी होऊन बघता बघता वाळूत शिरू लागली. दोन वर्षे ‘जलसंवहनी संस्था’ घोकली होती, ती मला त्या खळग्यात प्रथम समजली. पाठीवरील मॅड्रेपोराइट नावाच्या चाळणीसारख्या तबकडीचा समुद्राशी संबंध, तोंडाभोवतीची कडीसारखी नलिका, तिच्यातून प्रत्येक भुजेत गेलेली एकेक शाखा, आणि प्रत्येक पायाच्या मुळाशी एक इवलीशी पिशवी. पिशवी आकुंचन पावली की पाण्याच्या दाबाने पाय लांब होतो. मेंदू नाही, रक्ताभिसरणासाठी हृदय नाही. तरी शेकडो पायांचा हा कारभार सुरळीत चालतो.

परंतु एक गोष्ट मला खटकली. त्या पायांना टोकाशी चूषक नव्हतेच! ते टोकदार होते. परत येऊन सरांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. आमच्या पाठ्यपुस्तकातील तारामासा म्हणजे अ‍ॅस्टेरियस. तो उत्तरेकडील थंड समुद्रांचा रहिवासी. खडकाला धरून राहतो, शिंपला ओढून उघडतो आणि आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून शिंपल्यात घालतो. आपल्या किनाऱ्यावरील वाळूत राहणारा अ‍ॅस्ट्रोपेक्टेन यांतले काहीच करीत नाही. तो लहान शिंपले अख्खे गिळतो आणि रिकामी कवचे तोंडावाटेच परत टाकतो. त्याला गुदद्वारच नाही. एवढेच कशाला, अ‍ॅस्टेरियसचे पायसुद्धा मुख्यतः शोषणाने नव्हे, तर चिकट स्रावाने धरतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. आम्ही मात्र आजही ‘चूषकांच्या साहाय्याने’ असे लिहून गुण मिळवितो. म्हणजे शेजारच्या किनाऱ्यावरील प्राणी आम्हांस ठाऊक नाही, आणि दूरचा ठाऊक आहे तोही अर्धवट.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण घेतले, ते योग्यच झाले. पण विच्छेदन गेले त्या जागी तक्ता आला, जिवंत प्राणी आला नाही. मी तारामासे पिशवीत भरून आणा असे म्हणत नाही. खळग्यात ठेवावा, पाहावा, वहीत आकृती काढावी आणि होता तिथे सोडून द्यावा. बाटल्या आमच्याकडे पुरेशा आहेत.

यावर कोणी म्हणेल की, सहल तर दरवर्षी जाते! जाते खरी. सकाळी बेळगावहून निघून चहा-नाश्ता करीत, आंबोलीला थांबत, दुपारी बाराच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा दिवस असेल तर कोकण किनाऱ्यावर नेमकी तेव्हाच भरती असते. खडक बुडालेले, वाळू बुडालेली. मग फोटो, भेळ आणि परतीचा प्रवास. त्या तिथींना मोठी ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. तेव्हा विभागप्रमुखांना नम्र विनंती की, यंदाच्या सहलीचा दिवस रविवार पाहून न ठरविता पंचांग पाहून ठरवावा आणि एक रात्र किनाऱ्यालगत मुक्काम ठेवावा. जेवणाची वर्गणी द्यायला आमची तुकडी तयार आहे, आणि पहाटे पाचला सर्वांना उठविण्याची जबाबदारी माझी.