कार्ड खिशात, पैसा परदेशात

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या खातेदारांची कार्डे त्यांच्याजवळच होती. पण त्यांच्या बनावट प्रती २८ देशांतील एटीएममध्ये सरकविल्या जात होत्या. काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये परदेशात रोख काढले गेले. देशातील एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले, तर १३ ऑगस्टला सुमारे १४ कोटी हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले. देशात ज्या शहरांतून ही रोकड उचलली गेली, त्यांत आपले कोल्हापूरही होते, हे विसरता येणार नाही.

या दरोड्यात एकही कुलूप फुटले नाही. एटीएमने 'पैसे देऊ का?' असे विचारल्यावर बँकेच्या वतीने होकार देणारी संगणकीय यंत्रणाच चोरट्यांनी बाजूला सारली आणि तिच्या जागी सदैव 'हो' म्हणणारी खोटी यंत्रणा बसविली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. सूत्रधार दूर असतील. पण नोटा मोजून घेणारे हात इथलेच होते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

आज कोल्हापुरातील कित्येक मध्यमवर्गीय घरांतील मुले परदेशी शिकतात, नोकरी करतात. आईवडील त्यांना भेटायला जातात. निघताना लोणची-पापडांची यादी होते. कार्डाचा विचार मात्र विमानतळावर सुचतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड परदेशातील वापरासाठी आपोआप खुले नसते. ते ग्राहकाने खुले करावे लागते. ही अडचण नसून कवच आहे. निघण्यापूर्वी परदेशी वापर सुरू करावा, रकमेची मर्यादा लहान ठेवावी आणि घरी परतताच तो बंद करावा. दोन कार्डे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत. सोबत थोडे स्थानिक चलनही असावे. एटीएम शक्यतो बँकेच्या आवारातले निवडावे. तेथे यंत्राने 'हिशेब रुपयांत करू का?' असे विचारल्यास नकार देऊन स्थानिक चलनच निवडावे. कारण रुपयांत करून मिळणारा दर बहुधा महाग पडतो. संशयास्पद व्यवहाराचा संदेश येताच, रात्र असो वा दिवस, बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. तिसऱ्याच्या चुकीने झालेला अपहार तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भार पडू नये, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच घालून दिले. विलंबाची किंमत मात्र आपल्याला मोजावी लागू शकते.

तथापि, कॉसमॉसच्या प्रकरणात खातेदार कितीही सावध असता तरी लूट टळली नसती. तेथे रखवाली बँकेची होती. २०१२ मध्ये आलेले 'रुपे' ही आपल्या स्वावलंबनाची अभिमानास्पद खूण होय. परंतु देशातील ते अडीच कोटी 'रुपे' कार्डांच्या प्रतींवरच गेले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. स्वदेशी नाव पुरेसे नाही, स्वदेशी दक्षताही हवी. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून सहकाराचा वारसा सांगणाऱ्या या नगरीतील सभासदांनी वार्षिक सभेत लाभांशाइतक्याच आग्रहाने विचारावे : आमच्या बँकेच्या संगणक सुरक्षेवर किती खर्च झाला? तिची तपासणी कोणी केली?

पूर्वी घराबाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून पाहण्याची रीत होती. आता कुलूप बदलले आहे. ती रीत सोडून चालणार नाही.