बाटलीवर हिरवा ठिपका का नाही?

"व्हीगन वाईन" म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. "अहो, द्राक्षाचाच रस ना तो? त्यात कसलं आलंय व्हीगन नि बिगर-व्हीगन! सगळी फॅडं." आमच्या नातेवाइकांतही या मताचे पुष्कळ आहेत, आणि ते हे वाचणार हे मला ठाऊक आहे :) तर मंडळी, आज जरा भांडूया.

रस आंबला की वाईन होते, पण ती असते गढूळ. नुसती ठेवली तर हळूहळू निवळते, मात्र त्याला महिनोन् महिने लागतात. तेवढा धीर नसेल, किंवा तुरटपणा कमी करायचा असेल, तर तिच्यात एखादं प्रथिन घालतात. ते तरंगणारे कण आणि तुरट टॅनिन यांना धरून तळाशी बसतं, मग वरची नितळ वाईन काढून घेतात. पाकातली मळी काढायला आपण चमचाभर दूध घालतो ना? तेच तत्त्व.

आता प्रथिन कुठलं? दुधातलं केसिन, अंड्याचा पांढरा बलक (फ्रान्समध्ये बोर्दोची ही जुनी रीत, २२५ लिटरच्या पिंपाला पाच-सहा अंडी), जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेलं जिलेटिन, नाहीतर आयसिंग्लास. आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातला हवेचा फुगा, वाळवलेला. आपले कोळी घोळ माशाच्या याच फुग्याला भोत म्हणतात. युरोपात तर बैलाचं रक्तसुद्धा वापरत. मॅड काऊच्या भीतीने १९९७ मध्ये त्यावर बंदी आली.

व्हीगन वाईनवाले या सगळ्याऐवजी बेंटोनाइट नावाची माती, वाटाण्याचं प्रथिन किंवा कोळशाची पूड वापरतात. नाहीतर सरळ वाट बघतात. बस्स, एवढाच फरक.

"पण ते सगळं गाळाबरोबर निघून जातं की!" जातं, बहुतेक. मग मटणाच्या रश्श्यातली पळी तुमच्या वरणात बुडवून लगेच बाहेर काढली, तर चालेल का? प्रश्न किती उरलं हा नाहीच. आपल्यासाठी प्राणी वापरला गेला की नाही, हा आहे.

आणि गंमत बघा. आपल्या देशात बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा हिरवा ठिपका लागतो, पण मद्याला त्या नियमातून चक्क सूट! युरोपातही २०१२ पासून अंडं किंवा दूध अंशाने उरलं असेल तर लेबलवर लिहावं लागतं, तेही ॲलर्जीवाल्यांसाठी. माशाच्या फुग्याला तिथेही माफी.

व्हीगन वाईन चवीला सरस असते किंवा तब्येतीला बरी असते, असं मी म्हणत नाही. दारू ती दारूच. ज्याला अंडं-मासा चालतो त्याने खुशाल प्यावी. पण घरात अंडंही न आणणारा माणूस "फळांचीच तर आहे" म्हणून ग्लास उचलतो, तेव्हा त्याला खरं काय ते कळायला नको? एक ठिपका छापायला किती शाई लागते हो?