पोस्टकार्डाची पाठही वाचावी

ऑपेराच्या नामवंत गायक-गायिकांची छायाचित्र-पोस्टकार्डे 1900 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत युरोप-अमेरिकेत भरभरून छापली गेली. ध्वनिमुद्रणही तेव्हाच बाळसे धरत होते. गायक एन्रिको कारुसोच्या गाजलेल्या पहिल्या तबकड्या एप्रिल 1902 मध्ये मिलानमध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. तबकडीने आवाज राखला, पण गायकाची भूमिकेतली वेशभूषा, रंगभूषा आणि उभे राहण्याची ढब आज पाहायची तर मोठा आधार या साधारण 9 बाय 14 सेंटिमीटरच्या कार्डांचाच आहे. त्यामुळे संग्रह नुसता गायकाच्या नावाने लावणे पुरेसे नाही. भूमिका, स्टुडिओ, प्रकाशक आणि कार्डाचा क्रमांक यांची नोंद नसेल, तर अस्सल कार्डही निव्वळ सुंदर चित्र होऊन बसते.

भूमिकेची नोंद सर्वांत मोलाची. त्या काळी मोठे गायक आपले पोशाख स्वतः शिवून घेत आणि एका नाट्यगृहातून दुसऱ्यात सोबत नेत. म्हणून कार्डावरचा पोशाख बहुधा गायकाचा स्वतःचा, मागचा रंगवलेला पडदा मात्र स्टुडिओचा असतो. त्यावरून नेपथ्याचा अंदाज बांधणे धोक्याचे. गायक फ्योदोर शाल्यापिन आपली रंगभूषा स्वतःच रचत असे. बोरिस गोदुनोव्हच्या भूमिकेतल्या वेशातली त्याची कार्डे म्हणूनच अभिनयाच्या अभ्यासकालाही हवीशी वाटतात. गायिका जेराल्डिन फॅरार 1901 मध्ये बर्लिनच्या राजदरबारी ऑपेरात प्रथम उभी राहिली आणि 1906 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात आली. तिचे कार्ड बर्लिनच्या प्रकाशकाचे की अमेरिकेतले, हे पाहिले की तिच्या कारकिर्दीचा कोणता टप्पा समोर आहे याचा माग लागतो.

काळ ठरवताना मागची बाजू जास्त बोलते. आरंभी ती फक्त पत्त्यासाठी असे; मजकूर चित्राच्या कडेने, कधी चित्रावरच लिहावा लागे. पाठीवर मधोमध रेघ ओढून मजकूर आणि पत्ता शेजारी लिहिण्याची मुभा ब्रिटनमध्ये 1902, जर्मनीत 1905 आणि अमेरिकेत 1907 मध्ये मिळाली. अखंड पाठीचे कार्ड त्यामुळे सहसा आधीचे. चित्राच्या बाजूला शाई आहे एवढ्यावरून असे कार्ड कमअस्सल मानून टाकून देणे हा अन्यायच आहे. प्रयोग पाहून आलेल्या रसिकाचे दोन शब्द त्यावर असतील, तर ते कोऱ्या कार्डापेक्षा अधिक सांगते. रशियन कार्डांवर 1918 च्या लेखनसुधारणेआधीची जादा अक्षरे दिसतात, तीही काळाची खूण आहे. टपालशिक्का मात्र जपून वाचावा. कार्ड त्या तारखेआधी छापले गेले, एवढेच तो सिद्ध करतो. एकच निगेटिव्ह प्रकाशक वर्षानुवर्षे वापरत.

छपाईची पारख भिंगाखाली होते. बर्लिनची नॉइए फोटोग्राफिशे गेझेलशाफ्ट आणि लंडनची रोटरी कंपनी यांची कार्डे खऱ्या ब्रोमाइड छायाचित्र-कागदावरची. त्यांत छटा सलग उतरते. हाफटोन छपाईत ठिपक्यांची जाळी दिसते. ब्रोमाइडच्या गडद भागांवर कडेने येणारी चंदेरी झाक चांदीच्या रासायनिक बदलातून येते. ती पुसायला जाऊ नये, चित्रच खरवडले जाते.

स्वाक्षरीच्या बाबतीत घाई नको. कित्येक स्वाक्षऱ्या निगेटिव्हवरूनच छापलेल्या असतात. तिरप्या उजेडात खरी शाई कागदाच्या चकाकीपासून वेगळी दिसते, छापील सही चित्राच्याच पृष्ठभागात मिसळलेली असते. अतिनील दिव्याखाली कार्ड निळसर-पांढरे झळकले, तर कागदात 1950 च्या सुमारास रूढ होऊ लागलेली उजाळा देणारी रसायने असण्याची शक्यता मोठी. 1910 चे म्हणून विकले जाणारे असे कार्ड नाकारावे. मात्र कार्ड झळकले नाही म्हणून ते अस्सल ठरत नाही.

मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत जपणुकीला दुप्पट महत्त्व आहे. जिलेटिनचा थर ओल धरतो, काचेला किंवा शेजारच्या कार्डाला चिकटतो, त्यावर बुरशी येते. पीव्हीसीची पाकिटे आणि डिंक वर्ज्य मानावेत. प्रत्येक कार्ड पॉलिस्टरच्या स्वतंत्र पाकिटात ठेवून आम्लरहित खोक्यात उभे लावावे, आणि नोंद कार्डाच्या पाठीवर न करता वेगळ्या वहीत क्रमांकाने करावी.