दोनशे दिव्यांचा पडदा मोडू नये



गेल्या गणेशोत्सवात हॉलच्या मागच्या खोलीत मुले दिव्यांच्या मोठ्या पडद्यावर टेट्रिस खेळत होती, हे आपण पाहिले असेलच. "उत्सवात हा पोरखेळ कशाला?" असे काहींनी विचारले. "एवढ्या खटाटोपापेक्षा मोठा टीव्ही भाड्याने आणायचा," असेही कोणी म्हणाले. आता जागेअभावी तो पडदा मोडीत काढावा, असे घाटत आहे. म्हणून आम्हा स्वयंसेवकांचे हे चार शब्द.

टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी रचला. त्याचे मैदान १० घरे रुंद, २० घरे उंच. म्हणजे २०० एलईडी. पुठ्ठ्याचे तितकेच खण करून वर पांढरा पतंगी कागद लावला, की प्रत्येक दिवा चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. हा कागद आमच्याकडून सुरकुतत होता. भारतातून आलेल्या एका आजींनी आकाशकंदिलाच्या सवयीने खळ शिजवली आणि मुलांना कागद ताणून कसा चिकटवायचा ते दाखवले.

पडदा पहिल्यांदा पेटला तेव्हा वरच्या टोकाचा पांढरा रंग पिवळट पडला. मुलांनी मीटर लावून पाहिले, तर ५ व्होल्टची वीज तिथे पोचेपर्यंत कमी होत होती. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. २०० दिव्यांचे १२ अँपिअर झाले! निळ्या एलईडीला लाल एलईडीपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून निळाच आधी मंदावतो. दोन्ही टोकांना वीज जोडली आणि रंग सुधारला.

भाड्याच्या टीव्हीवर चित्र अधिक सुबक दिसले असते, हे मान्य. पण एरवी कार्यक्रम संपेपर्यंत मोटारीत बसून राहणारी आपली मोठी मुले सुट्टीतले सहा शनिवार गॅरेजमध्ये आली. खळ पातळ की घट्ट, यावर आजींशी मोडक्या मराठीत वाद घालू लागली. त्यांना मराठीत बोलण्यासारखे काहीतरी काम हवे होते. आम्ही त्यांना आजवर फक्त भाषणे ऐकायला बोलावत होतो.

पडदा दिवाळीच्या कार्यक्रमातही लावावा, आणि पुढचा खेळ कोणता हे मुलांनी ठरवावे, असे आम्हाला वाटते. ज्यांच्या गॅरेजमध्ये दोन मीटर उंचीची जागा असेल, त्यांनी कृपया येत्या सभेत सांगावे.

— मंडळाचे स्वयंसेवक