दहाचे चारशे, पण कितीदा?

आमच्या चंदनसारच्या नाक्यावर रेसचा विषय निघाला, की फेव्हरिट घोड्याची गोष्ट कुणी सांगत नाही. सगळ्यांना आठवतो तो कुणाच्याच हिशेबात नसलेला आणि दहाचे चारशे देऊन गेलेला घोडा. विरारहून महालक्ष्मीला जाणाऱ्यांपैकी कित्येकांच्या खिशात हीच आशा असते. ती खोटी आहे का?

अगदीच खोटी नाही. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणे हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९६ साली म्हटले. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन असते, दुबळ्याच्या पाठीवर कमी. त्यातच अंतर बदलले, जॉकी बदलला, तर मागच्या वेळी शेवटी आलेला घोडाही बाजी मारतो. हे आधी ओळखणारा जाणकारच म्हणायचा.

पण घोडा ओळखणे वेगळे आणि भाव परवडणे वेगळे. टोटवर सगळ्यांचे पैसे एकत्र होतात. त्यातून आधी कपात होते आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा, लाख रुपये जमले आणि वीस हजार कापले गेले. दुबळ्या घोड्यावर एकूण दोन हजार लागले असतील, तर तो आल्यावर दहाचे चारशे मिळतील. पण असा घोडा शंभरातून एकदाच येत असेल, तर हजार घालून हाती चारशेच येतात!

परदेशांतील अभ्यासकांना १९४९ पासून बहुतेक ठिकाणी हेच आढळले आहे. फेव्हरिटवर तोटा कमी, दुबळ्या घोड्यांवर सर्वांत जास्त. कारण मोठ्या रकमेच्या मोहाने लोक त्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि भाव उतरतो.

त्यात आता कराची भर पडली आहे. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हरा किंवा जिंका, कर ठरलेला. एवढे ओझे घेऊन जाणकारालाही नफा राखणे अवघड. मग कर चुकवणारा बेकायदा बुकी जवळचा वाटू लागतो. तिथे ना पावती, ना दाद मागायची सोय.

हौसेने शंभर रुपये घालवणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. मात्र किराण्याचे आणि फीचे पैसे त्या वाटेने जात असतील, तर घरच्यांनी चारशेची गोष्ट कौतुकाने ऐकून घ्यावी आणि मग आधीच्या नव्व्याण्णव तिकिटांचा हिशेब मागावा.