अर्ध्या तिकिटाची भाऊबीज

एस.टी.च्या कंडक्टरने विचारले, "किती?" मी म्हटले, "तीन. कोपरगाव." त्याने आधी आईकडे पाहिले, मग हिच्याकडे, मग माझ्याकडे, आणि यंत्रातून निघालेले कागद माझ्या हातात ठेवून म्हणाला, "दीड तिकीट झालं, काका."

वाचकहो, 2022 च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास फुकट आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्ध्या भाड्यात! आमच्या कुटुंबात पूर्ण माणूस मी एकटाच, हे अशा रीतीने छापील कागदावर सिद्ध झाले.

"खर्चापुरतं," ही म्हणाली.

गेल्या दिवाळीतली, भाऊबीजेच्या सकाळची ही गोष्ट. नाशिकहून कोल्हारला, म्हणजे आईच्या माहेरी निघालो होतो. मुलाने मोटार ठरवायची तयारी दाखवली होती; पण आईने ती साफ नाकारली. तिचा आणि एस.टी.चा जन्म एकाच वर्षाचा. 1 जून 1948 रोजी पहिली एस.टी. पुणे-नगर रस्त्यावर धावली, तेव्हा आई तीन महिन्यांची होती. "धाकटी बहीण आहे माझी," ती म्हणते, "तिला टाळून माहेरी कशी जाऊ?"

खरे सांगायचे तर माझे चित्त तिकिटात नव्हते. मामांचा फोन आला होता, "आक्काला एकदा घेऊन या." अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्या आधी एका लग्नाच्या मांडवात मीच मामांना ऐकवले होते की, 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे, तेव्हा आईला विसरू नका. बोललो ते कायद्याने बरोबर होते. पण जेवणाच्या पंगतीत बोललो. मामा पानावरून उठले नाहीत, पण पुढे त्यांचे पत्र नाही, फोन नाही. सातबाऱ्यावर आईचे नाव तसेच राहिले. आता इतक्या वर्षांनी आलेले बोलावणे कशासाठी असणार? हक्कसोड पत्रावर सहीसाठी! आईने पिशवीत आधार कार्ड आणि पेन ठेवलेले मी पाहिले होते. मीही माझ्या खिशात कायद्याचे कात्रण ठेवले होते. ओवाळणीचे तबक तेवढे हिने घेतले होते.

कोपरगावला उतरल्यावर आई म्हणाली, "आधी बेटावर जाऊ."

"आई, तिकडे मामा वाट पाहत असतील."

"अकरा वर्षं पाहिली, आणखी दोन तास पाहतील."

बेट म्हणजे समुद्रातले नव्हे. गोदावरीच्या जुन्या पात्राने वेढलेला हा गावाचा तुकडा. त्याला सगळे बेटच म्हणतात. तिथे शुक्राचार्यांचे देऊळ आहे आणि कचेश्वरही आहे. बृहस्पतीचा मुलगा कच संजीवनी विद्या शिकायला शुक्राचार्यांकडे आला, ती कथा इथली मानतात. तालुक्यातल्या एका साखर कारखान्याने नावही संजीवनीच घेतले होते. असुरांनी कचाला मारून त्याची राख मद्यातून गुरूच्याच पोटात घातली. शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला विद्या शिकवली. तो बाहेर आला आणि त्याने गुरूला जिवंत केले. गुरुकन्या देवयानीने लग्नाचे विचारले, तेव्हा कच म्हणाला, "मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो. तू आता माझी बहीण."

ही सारी कथा मी हिला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "बहीण म्हणाला, विद्या घेतली, आणि गेला. पुन्हा काही तिच्या दारी फिरकला नाही."

मी खिशातले कात्रण उगीच चाचपले. याच कोपरगावात राघोबादादांचा वाडा आहे. राज्याच्या वाट्यासाठी आयुष्यभर घरच्यांशी झगडून, सालबाईच्या तहानंतर ते इथे येऊन राहिले आणि 1783 साली इकडेच वारले. तो वाडा मी आईला दाखवणार होतो. म्हटले, नको. आज वाटणीचा विषय जितका कमी निघेल तितका बरा.

पुढे शिर्डी. दिवाळीची गर्दी काय वर्णावी! आईने खिडकीतूनच हात जोडले. राहात्याला गाडी थांबली तशी पेरूच्या पाट्या खिडकीशी आल्या. या भागाचा पेरू नावाजलेला. हिने चार घेतले. आईने एक हातात धरून नुसता वास घेतला. "खात का नाही?" म्हटले, तर म्हणाली, "दात नाहीत रे. पण वासाला दात लागत नाहीत."

बाभळेश्वरला गाडी बदलून लोणीला आलो. इथेही आईला उतरायचे होते. आता माझ्या लक्षात आले की, ती गावे पाहत नव्हती. कोल्हार लांबवत होती. मी काही बोललो नाही. लोणीच्या कारखान्याचे धुराडे दिसले, तसे तिने सुनेला सांगायला सुरुवात केली. तिचे वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. त्यामुळे या मुलखाचा इतिहास तिला पाण्याच्या बाजूने पाठ.

तो असा. प्रवरा नदी आहे, पण एके काळी इथली शेती पावसाच्या भरवशावर आणि शेतकरी सावकाराच्या भरवशावर. वर सह्याद्रीत भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. धरणाचे पाणी नदीतून संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्याला येते आणि तिथून डावा-उजवा असे दोन कालवे निघतात. पाणी आले, ऊस आला. पण गुळाचा भाव पडला की शेतकरी पुन्हा होता तिथेच. मग लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, आणि 1950 साली शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना इथे सुरू झाला. सहकारी कारखान्यांची महाराष्ट्रातली पुढची सारी रांग याच्या मागून उभी राहिली.

"आमचे अण्णा म्हणायचे," आई सांगत होती, "पाणी एकट्याचं नसतं. वरच्याने दार बंद केलं की खालच्याचं शेत गेलं. पाटकऱ्याचं काम एवढंच, ज्याची पाळी त्याला द्यायची."

ही माझ्याकडे पाहून म्हणाली, "ऐकलंत?"

लोणीहून कोल्हारला जाणारा रस्ता थेट घोटीहून येतो; राजूर, अकोले, संगमनेर करीत प्रवरेच्या सोबतीनेच उतरतो. दुतर्फा ऊस, मधूनच डाळिंबाची बाग. आई आता बोलेनाशी झाली होती. पदराशी चाळा करीत होती, नववधूसारखा.

कोल्हार हे नगर-मनमाड रस्त्यावरचे गाव. (नगर आता अहिल्यानगर झाले, आईच्या तोंडी अजून नगरच.) प्रवरेच्या अलीकडे कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर, पलीकडे पूल ओलांडला की कोल्हार खुर्द आणि राहुरी तालुका. मोटारीने जाणाऱ्यांना हे गाव म्हणजे एक पूल आणि चहाच्या चार टपऱ्या. भगवतीमातेचे देऊळ आणि पौषातली यात्रा पाहायची, तर गाडीतून उतरावे लागते.

आम्ही उतरलो. मामा स्टँडवर उभे होते. किती वेळ, ते त्यांनी सांगितले नाही, चहावाल्याने सांगितले, "सकाळच्या पहिल्या गाडीपासून उभे आहेत." धाकटे असून ते आईपेक्षा म्हातारे दिसत होते. आईच्या पाया पडायला वाकले, तर त्यांना उठताना मला हात द्यावा लागला.

"आक्का, उशीर केलास."

"तू लवकर बोलावलंस होय रे?"

एवढेच. मग दोघे मुकाट्याने देवळाकडे चालू लागले. आम्ही मागून.

घरी ओवाळणी झाली. मामांनी तबकात नोट ठेवली. आईने पिशवीतून पेन काढले आणि पाटावर ठेवले. "आण तुझा कागद," ती म्हणाली. "मला तिथे जमीन कसायची नाही. हा काही बोलला असेल, तर ते माझ्या मनातलं नव्हतं." हा म्हणजे मी. मी मान खाली घातली. खिशातले कात्रण आता चांगलेच टोचू लागले होते.

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कागद आहे. तलाठ्याकडून माहिती काढून दोन वर्षांपूर्वीच तयार करून घेतला. पण आक्का, आपल्या आळीतल्या किती जणींनी सह्या केल्या, मी पाहिल्यात. सही झाली की येणं संपतं. त्यांना बोलवायला कुणाला काम उरत नाही, आणि त्यांनाही यायला तोंड उरत नाही. तुझं नाव राहू दे तिथं. भाचेबुवा बोलले ते बरोबरच होतं. बोलले तेव्हा मला राग आला, कारण ते मी आधी बोलायला हवं होतं."

आईने पेन उचलले, पिशवीत टाकले, आणि डोळे पुसायच्या ऐवजी चष्मा पुसला.

"मग पाटकऱ्याच्या मुलासारखा वागलास म्हणायचा," ती म्हणाली. "आता पुढच्या वर्षीही यावं लागणार. माझं काय, तिकीट फुकट आहे. खर्च याचा."

संध्याकाळी पुलावरून नदी पाहिली. पाण्यावर ऊन उतरत होते. सकाळचे पेरू मामा एकेक कापून, बारीक फोडी करून आईला देत होते, आणि ती खात होती. दातांचा प्रश्न कुठे गेला कोण जाणे.

परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारले, "किती?" मी म्हटले, "दीड." तिघांत पूर्ण तिकीट माझे एकट्याचेच होते, पण सकाळसारखी ती गोष्ट मिरवण्याजोगी काही वाटेना.

यंदाची भाऊबीज आता तोंडावर आली आहे. आईची पिशवी भरून ठेवलेली आहे. मी हळूच उघडून पाहिली. आधार कार्ड आहे, तबक आहे. पेन मात्र नाही.