गाडी गेली, डायरी राहिली

सध्या पोस्टिंग लखनौला आहे. इथून कानपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर शहर संपता संपता मानक नगर नावाचं छोटं स्टेशन लागतं. मानक म्हणजे आपण मराठीत ज्याला प्रमाण म्हणतो ते. नावाला साजेशी संस्थाही तिथेच आहे: रेल्वेची आरडीएसओ, स्थापना 1957. रेल्वेच्या वस्तू कशा असाव्यात आणि त्या कशा जपाव्यात, याचे नियम इथून लिहून निघतात. या भागात येणं-जाणं सुरू झाल्यापासून एक जुना विषय डोक्यात घोळतो आहे. तो म्हणजे आपले कंडम झालेले लष्करी ट्रक.

दोन यंत्रं शेजारी ठेवून बघा. डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल इंजिन 1962 साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलं आणि 1964 पासून वाराणसीत बनू लागलं. शक्तिमान ट्रक मूळचा जर्मनीच्या मान कंपनीचा. तो 1959 पासून जबलपूरला बनू लागला, 1996 पर्यंत बनत राहिला. दोघंही परक्या घरचे, आपल्याकडे नांदायला आलेले. म्हातारपण मात्र वेगवेगळं गेलं. इंजिन रेल्वेच्याच शेडमध्ये म्हातारं झालं. त्याचं वेळापत्रक, सूचनापत्रकं आणि हात ओळखणारे फिटर शेवटपर्यंत सोबत होते. ट्रक मात्र लिलावात 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर विकला गेला आणि दाराबाहेर पडताच पोरका झाला.

कंडम या शब्दाबद्दल नागरी मित्रांचा गैरसमज असतो. कंडम म्हणजे मेलेली गाडी नव्हे. ठरलेली वर्षं आणि किलोमीटर पूर्ण झाले, दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला, की फौज ती गाडी काढून टाकते. युद्धात दगा देऊन चालत नाही म्हणून हा हिशेब कडक असतो, आणि तो बरोबरच आहे. पण बाहेरचा माणूस तीच गाडी आणखी वीस वर्षं वापरतो. ईशान्येच्या पोस्टिंगमध्ये लाकडाचे ओंडके ओढणारे शक्तिमान मी भरपूर पाहिले. ज्या मालकांशी बोललो त्यांच्याकडे नोंदणीचे कागद होते. देखभालीचं पुस्तक एकाकडेही नव्हतं.

त्याने काय बिघडतं? तीन उदाहरणं देतो.

पहिलं खिशाचं. गाडी सकाळी सुरू होत नाही, झाली तर चढावर दम तोडते. मेकॅनिक सांगतो, पंप गेला. पंप उतरतो, मोठं बिल होतं आणि दुखणं तसंच राहतं. आपल्या एमटीमधला कोणताही जुना हवालदार आधी टाकीतलं आणि फिल्टरमधलं पाणी बघेल, मग लाइनने एअर धरली आहे का ते तपासेल. पुष्कळदा दोष निघतो तो पोकळ बोल्टाखालच्या तांब्याच्या वॉशरचा, जो कुणीतरी जुनाच परत बसवलेला असतो. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड नंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एवढीच ती विद्या.

दुसरं गाडीच्या जिवाचं. ज्या गाड्यांचा पुढचा ॲक्सल हवा तेव्हा जोडता-सोडता येतो, त्यांत तो चिखलासाठी आणि वाळूसाठी असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो जोडलेलाच ठेवला, तर वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण टायर व गिअर सोसतात. लष्करी ड्रायव्हरला हे शिकवलेलं असतं. विकत घेणाऱ्याला कोण सांगणार?

तिसरं माणसाच्या जिवाचं. काही जुन्या लष्करी गाड्यांची चाकं दोन अर्धी जोडून बनवलेली असतात. त्यांवर नटांची दोन वर्तुळं असतात. एक चाक गाडीला धरतं, दुसरं चाकाच्या दोन अर्ध्यांना. टायरमध्ये हवा असताना दुसऱ्या वर्तुळातले नट सोडले, तर चाक फुटून समोरच्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गाड्यांवर हे नट लाल रंगवायची पद्धत होती. आता गंमत अशी, की खासगी गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग ठेवायला मोटार वाहन नियमांची मनाई आहे. नवा मालक कायदा पाळून गाडी रंगवतो आणि त्याच हाताने नटांवरची खूणही पुसली जाते. त्यात चूक कुणाचीच नाही. फक्त त्या खुणेचा अर्थ कुणी लिहून दिला नव्हता.

काही जण म्हणतील, या गाड्या भंगारातच काढा. सरकारी गाड्यांसाठी 15 वर्षांचा नियम 1 एप्रिल 2023 पासून आलाही आहे. संरक्षणाच्या विशेष गाड्यांना त्यातून सूट आहे. ज्याला भंगारात काढायचं असेल त्याने जरूर काढावं, माझी तक्रार नाही. पण चालवण्यासाठी विकत असाल तर अर्धवट विकू नका. गुप्ततेचा मुद्दाही मला पटत नाही. कार डायरीत गाडी कुठे कुठे गेली ते असतं, तेवढं खुशाल ठेवून घ्या. पण तेल कधी बदललं, ब्रेकची रबरं कधी घातली, इंजिन कधी उघडलं, यात कसलं आलंय गुपित? त्या नोंदींचं एक पान आणि देखभालीची दहा पानं लिलावाच्या कागदांना जोडली तर खर्च झेरॉक्सचा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर भिस्त तुमच्यावर आहे, माजी सैनिक मंडळी. ई.एम.ई. कोअर 1943 पासून उभी आहे. खडकीच्या 512 आर्मी बेस वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेली माणसं आपल्या पुणे-सातारा पट्ट्यात घरोघरी आहेत. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगणारे ते कान आता थकत चालले आहेत. ऐंशी पानी वही घ्या. डावीकडे लक्षण लिहा, उजवीकडे आधी काय बघायचं ते. मराठीत लिहा, गावच्या गॅरेजमधल्या पोराला कळेल असं. पहिल्या पानावर ते लाल नट येऊ द्या.